दुरुस्त पेशींवर नजर कोण ठेवणार?

सिकलसेल म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होणारा जन्मजात आजार. त्यावरच्या जीन दुरुस्तीची बातमी आली की वर्ध्याकडच्या नातेवाइकांचे फोन मला येतात. मी नागपुरात रक्ताच्या लॅबमध्ये टेक्निशियन, म्हणजे त्यांच्या हिशेबी निम्मी डॉक्टर. नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीच्या आयजीआयबी या सरकारी संशोधन संस्थेची 'बिरसा १०१' ही उपचारपद्धत जाहीर झाली, क्रिस्पर नावाच्या जीन-कात्रीनं दुरुस्ती करणारी, तंत्रज्ञान पुण्याच्या सीरमकडे गेल्याचंही कळलं. लगेच मावसबहिणीचा फोन. "ताई, माह्या पोराचं जमन ना वो?" पोरगा एसएस, म्हणजे आईबाप दोघांकडून सिकलचा जीन आलेला, चौदा वर्षांचा, थंडी पडली की क्रायसिस, म्हणजे असह्य दुखण्याचा झटका, ठरलेला. तिला फोनवर नीट सांगता आलं नाही, ते इथे लिहिते.

तांबडी पेशी फार तर चार महिने जगते. तिच्यात बिघाड झाला तर ती मरून जाते, विषय संपला. जीन दुरुस्ती मात्र होते स्टेम सेलमध्ये, म्हणजे रक्ताच्या सगळ्या पेशी काढणाऱ्या मूळ पेशीत, आणि ती तशी नाही. ती जन्मभर हाडांतल्या मज्जेत राहते आणि आपल्यासारख्या पेशी काढत राहते. एकदाच्या उपचारानं आजार जाऊ शकतो तो याच गुणामुळे, आणि चूक झाली तर तीही याच गुणामुळे वाढत जाते.

पॅरिसच्या नेकर हॉस्पिटलमध्ये हे दिसलं. जन्मतः प्रतिकारशक्ती नसलेल्या मुलांच्या स्टेम सेलमध्ये व्हायरसच्या मदतीनं चांगला जीन घातला. मुलं बरी झाली, जंतूंपासून जपणाऱ्या काचेच्या खोलीतून घरी गेली. २००२ मध्ये कळलं की त्यातल्या काहींना ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर, होतोय. व्हायरस एलएमओ२ नावाच्या, पेशींची वाढ भडकवू शकणाऱ्या जीनजवळ जाऊन बसला होता आणि त्याच्या जोरानं तो जीनही चालू झाला होता. पॅरिसमध्ये अशी चार मुलं निघाली, लंडनच्या तशाच चाचणीत एक. एक मूल गेलं. बाकीची केमो घेऊन वाचली, हेही सांगायला हवं.

त्यानंतर व्हायरस बदलले, जास्त सुरक्षित मानलेले लेंटिव्हायरस आले, सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. मग स्कायसोना. मुलांच्या मेंदूच्या एका जीवघेण्या आजारावरचं, लेंटिव्हायरसनं जीन घालणारं औषध, अमेरिकेत २०२२ मध्ये मंजूर. २०२४ मध्ये छापून आलं की चाचण्यांमधल्या ६७ पैकी ७ मुलांना रक्ताचा कॅन्सर झाला. त्यातल्या एकाला उपचारानंतर ९२ महिन्यांनी. साडेसात वर्षं! आपल्याकडे एवढ्या वर्षांत पेशंटचा मोबाइल नंबर तीनदा बदलतो, गाव बदलतं, फाइलला वाळवी लागते.

क्रिस्परमध्ये जीन असा कुठेही जाऊन बसत नाही, डीएनए ठरलेल्या जागी कापला जातो. कात्री भलत्या जागीही चालू शकते, ती भीती निराळी. सिकलसेलवरच्या परदेशी क्रिस्पर उपचाराला, कॅसजेव्हीला, मंजुरी मिळाली तीच २०२३ च्या अखेरीस, त्यामुळे मंजुरीनंतरची वर्षं अजून हाताच्या बोटांवर.

पण मला सगळ्यात जास्त खटकतं ते बातम्यांत न येणारं बुसल्फान. दुरुस्त पेशींना जागा करायची तर जुनी मज्जा आधी रिकामी करावी लागते, आणि ते काम केमोचं हे औषध करतं. तोंड सोलून निघतं, केस जातात, पांढऱ्या पेशी इतक्या खाली येतात की साधा ताप जिवावर बेतावा. मूल होण्याची क्षमता जाऊ शकते. चौदा वर्षांच्या पोराचे शुक्राणू आधी गोठवून ठेवायचे का, हा प्रश्न वर्ध्याच्या घरात कोण आणि कसा काढणार? बहिणीचा नवरा तर विषय निघताच अंगणात जाईल.

म्हणून मी तिला म्हटलं, चाचणीत नाव घालायचं असेल तर घाल, मी सोबत येते. पण सही करण्याआधी दोन गोष्टी लेखी माग. एक, बुसल्फानआधी पोराच्या पुढच्या संसाराची काय सोय. दुसरी, अशा उपचारांनंतर अमेरिकेत पंधरा वर्षांपर्यंत पाठपुरावा करायला सांगतात. इथे तेवढी वर्षं त्याचं रक्त कोण तपासणार, पैसे कोणाचे, आणि सीबीसीत, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीत, काही वेडंवाकडं दिसलं तर फोन कोणाला करायचा. तोवर हायड्रॉक्सीयुरिया, म्हणजे क्रायसिस कमी करणारी रोजची गोळी, बंद करायची नाही. बातमी वाचून गोळ्या सोडलेले दोघं याच महिन्यात आमच्या लॅबमध्ये आले होते.