‘स्वतः कसून खाणे’ कागदावर कसे मांडावे : वनहक्क दाव्याचा माझा अनुभव

वनहक्काचे वैयक्तिक दावे भरताना माझा सगळ्यात जास्त वेळ गेला तो एका शब्दप्रयोगावर: ‘उपजीविकेच्या खऱ्याखुऱ्या गरजा’. 2006 च्या वनहक्क कायद्यात हक्क मिळतो तो वनजमीन स्वतः कसून घर चालवणाऱ्याला, आणि कब्जा 13 डिसेंबर 2005 च्या आधीचा लागतो. कमाल मर्यादा 4 हेक्टर. पण मर्यादा म्हणजे वाटप नव्हे. ताब्यात दीड एकर असेल तर दीड एकरच मिळते.

पडताळणीत हमखास प्रश्न येतो, ‘नागली (नाचणी) विकता का?’ माणूस घाबरून ‘नाही’ म्हणतो, आणि पुढे कुठे बाजारची पावती निघाली की दावाच खोटा ठरवायला निमित्त मिळते. खरे तर नियमांतल्या व्याख्येतच घरची गरज भागवून उरलेला माल विकणे धरलेले आहे. म्हणून जबाबात सरळ लिहावे: घरी खातो, उरले तर विकतो. धान्य वर्षाचे किती महिने पुरले पाहिजे अशी अट कुठेही नाही. त्यामुळे चार महिने मजुरीला जाणारा यातून आपोआप बाद होत नाही.

नमुना ‘अ’मध्ये, म्हणजे दाव्याच्या अर्जात, वस्तीची जमीन आणि कसण्याची जमीन वेगळी लिहायची असते. इथे दोन चुका ठरलेल्या. एक, एकराचा आकडा हेक्टरच्या रकान्यात पडतो. दोन एकर म्हणजे 0.81 हेक्टर, तिथे नुसते ‘2’ लिहिले की मोजणीशी मेळ बसत नाही. दुसरी चूक जास्त महागात पडते: मोजणीत फक्त नांगरट धरली जाते. 2012 च्या सुधारणेनुसार खळे, गुरे बांधायची जागा, धान्य साठवायची जागा, फळझाडे आणि आलटून पालटून पड टाकलेला तुकडाही कसण्याच्या जमिनीत येतो. जीपीएस घेऊन बांधावरून फिरताना दावेदाराने स्वतः पुढे चालावे. यंत्र हातात असलेला माणूस पिकाच्या कडेने वळतो, आणि वरईसाठी यंदा पड ठेवलेला वरचा उतार कायमचा बाहेर राहतो.

पुरावे किमान दोन. दंडाच्या पावत्या, जुने पंचनामे असतील तर उत्तमच (अतिक्रमण म्हणून झालेला दंडच कब्जा सिद्ध करतो!). नसतील तर वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब आणि जमिनीवरच्या खुणा चालतात: सपाटीकरण, दगडी ताल (उतारावर रचलेली दगडांची आड), बांध, झोपडी. जबाब देणारा स्वतः दावेदार नसावा. ‘पूर्वीपासून कसतात’ या वाक्याला काडीची किंमत नाही. वय, नाते, कोणत्या नाल्याच्या कोणत्या बाजूला, कोणी ताल घातली आणि कुठल्या साली, हे हवे. बिगर आदिवासी दावेदाराला मात्र तीन पिढ्यांचा, म्हणजे 75 वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. बरेच दावे तिथेच अडतात.

स्थळ पाहणीआधी वन आणि महसूल खात्याला लेखी कळवून पोच घ्यावी. कोणी आले नाही आणि नंतर त्याच कारणाने हरकत घेतली, तर फेरपाहणीसाठी प्रकरण ग्रामसभेकडे परत येते. तेव्हाही कोणी फिरकले नाही तर ग्रामसभेची पाहणी अंतिम. पोच नसेल तर यातले काहीच सिद्ध करता येत नाही.

ग्रामसभेच्या ठरावावर नाराज असाल तर उपविभागीय समितीकडे 60 दिवसांत जाता येते, तिच्या निर्णयावर जिल्हास्तरीय समितीकडे पुन्हा 60 दिवसांत. नामंजुरी कारणासह लेखीच मागावी. उपग्रहाच्या चित्रात शेत दिसत नाही, एवढ्यावर दावा फेटाळला तर ती अपिलात सोपी बाजू आहे, कारण अमुकच पुरावा हवा असा आग्रह समितीला धरता येत नाही. निकाल लागेपर्यंत जमिनीवरून उठवताही येत नाही.

हक्कपत्र हातात आले की तिथेच दोन गोष्टी पाहाव्यात: पती आणि पत्नी दोघांची नावे आहेत का, आणि क्षेत्र मोजणीच्या नकाशाशी जुळते का. ही जमीन वारसाला जाते, पण विकता येत नाही.