फातोर्ड्याचा अंतिम सामना आणि राखून ठेवलेली चौकट

१३ मार्च २०२१ च्या रात्री मुंबईतल्या एका मराठी दैनिकाच्या क्रीडा विभागात पानाची जबाबदारी माझ्याकडे होती. आदल्याच दिवशी अहमदाबादेत इंग्लंडने पहिला ट्वेन्टी-२० सामना आठ गडी राखून जिंकला होता आणि दुसरा सामना १४ मार्चला होता, त्यामुळे पानाचा वरचा भाग क्रिकेटने व्यापलेला होता. इंडियन सुपर लीग या फुटबॉल स्पर्धेच्या अंतिम सामन्यासाठी तळाशी दोन कॉलम सोडले होते. मुंबई सिटी हा आपल्या शहराचा संघ प्रथमच अंतिम फेरीत खेळत असताना एवढीच जागा द्यावी, हे मला मनापासून पटले नव्हते.

तो हंगाम मी रोज पाहिला होता. करोनामुळे अकराही संघांचे सामने गोव्यातच, फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोचे टिळक मैदान या तीन ठिकाणी, प्रेक्षकांविना खेळवले गेले. मुंबईने पहिला सामना नॉर्थईस्ट युनायटेड संघाविरुद्ध गमावला आणि नंतर सलग १२ सामन्यांत हार पत्करली नाही. २८ फेब्रुवारीला बांबोळीत एटीके मोहन बागानला २-० असे नमवून मुंबईने गुण बरोबरीत आणले. दोन्ही संघांचे ४० गुण झाले, परंतु आपसांतले दोन्ही सामने जिंकल्यामुळे साखळीतील अव्वल संघाची ढाल मुंबईकडे आली. अंतिम सामन्यात समोर पुन्हा तोच संघ होता.

अठराव्या मिनिटाला डेव्हिड विल्यम्सने बागानला आघाडी दिली. एकोणतिसाव्या मिनिटाला बागानचा बचावपटू तिरी याच्या डोक्याला लागून चेंडू त्याच्याच जाळ्यात गेला आणि बरोबरी झाली. मी १-१ चा मजकूर लिहायला घेतला. मध्यंतर जवळ आले असताना चेंडूसाठी झालेल्या धडकेत मुंबईचा अमेय रानवडे कोसळला आणि उठला नाही. रुग्णवाहिका आली. पाने लावणारा आमचा सहकारी खुर्ची सरकवून टीव्हीजवळ येऊन उभा राहिला. अमेय मुंबईचा मुलगा. संघाच्या यादीत मराठी आडनाव दिसले की ते वाचकाला सांगण्याची माझी जुनी सवय आहे, आणि त्या क्षणी तेच आडनाव लिहिताना माझा हात अडखळला.

"सर, डाक आवृत्तीची वेळ झाली," सहकारी म्हणाला. बाहेरगावी जाणारी ही आवृत्ती शहर आवृत्तीच्या आधी छपाईला जाते.

ते पान १-१ वरच सोडावे लागले. शहर आवृत्तीसाठी मात्र मी आमच्या संपादकांना फोन करून वरची चार कॉलम जागा मागितली, आणि निकाल काहीही लागो, त्यात एक चौकट अमेयसाठी राखून ठेवायला सांगितले. गोल कोणी केला हे वाचकाला दूरदर्शन संचासमोरच कळते, परंतु रुग्णालयात नेलेल्या खेळाडूचे पुढे काय झाले हे सकाळच्या अंकात शोधले जाते, असे माझे आजही मत आहे. संपादकांनी क्षणभर विचार केला आणि होकार दिला.

नव्वदाव्या मिनिटाला बागानचा गोलरक्षक अरिंदम भट्टाचार्य पुढे आला, चेंडू दूर करताना त्याचा अंदाज चुकला, मुंबईच्या ओग्बेचेने तो सहखेळाडू बिपिन सिंगकडे दिला आणि बिपिनने जाळे गाठले. याच बिपिनने फेब्रुवारीत ओडिशाविरुद्ध तीन गोल केले होते. २-१. ढाल आणि चषक एकाच हंगामात जिंकणारा मुंबई सिटी हा पहिला संघ ठरला.

मुख्य बातमी दहा मिनिटांत हातावेगळी झाली. चौकट मात्र कोरीच होती. सहकाऱ्याने दोनदा विचारले की तिथे बिपिनचे छायाचित्र लावू का, आणि मी दोन्ही वेळा नाही म्हणालो. अमेयची प्रकृती स्थिर असल्याचे कळले तेव्हा तिथे तेवढेच एक वाक्य मोठ्या अक्षरांत बसवले, त्याचे नाव पुन्हा तपासले आणि पान सोडले.