पाणी ओसरल्यावर

धरण बघायला जायचं ते पावसाळ्यात, असं आपल्याकडे ठरूनच गेलं आहे. धरण भरलं, दरवाजे उघडले, की रस्त्यावर गाड्यांची रांग लागते. कोसळणारं पाणी, अंगावर येणारे तुषार, सांडव्याकडे पाठ करून फोटो. ते बघण्यासारखं नसतं असं नाही. पण दरवाजे बंद झाले की सगळी मंडळी घरी जातात आणि पुढच्या जुलैपर्यंत त्या जलाशयाची कुणाला आठवण होत नाही. माझ्या मते कार्यक्रम तिथून पुढे सुरू होतो.

तुडुंब भरलेल्या जलाशयात पाणपक्ष्यांना फारसं काही मिळत नाही. काठालाच पुरुषभर खोली. शेकाट्याचे पाय लांब खरे, पण लांब म्हणजे किती लांब असणार! बगळे, चमचे, चित्रबलाक ही सगळी चालत चालत जेवणारी जमात. बदकांतही थापट्या, तलवार बदक, हळदीकुंकू ही मंडळी बुड्या मारण्यातली नव्हेत. शेपटी वर, डोकं खाली, आणि मान पोचेल तेवढाच त्यांचा तळ. खोल पाण्यावर खुशाल असतात ते पाणकावळे आणि थोडेफार चांदवे. ऑगस्टमध्ये दुर्बीण घेऊन गेलेला माणूस बराच वेळ लाटाच बघत बसतो.

मग रब्बीचं आवर्तन, म्हणजे शेतीसाठी पाण्याची पाळी, सुटतं. कालव्याला पाणी गेलं की काठ मागे सरकतो. जिथे उतार सपाट आहे तिथे पातळी हातभर उतरली तरी काठ पार लांब जातो, आणि मागे उरतो ओला, काळा गाळ आणि वीतभर पाण्याचा पट्टा. या पट्ट्यात ऊन तळापर्यंत पोचतं. शेवाळ धरतं, अळ्या, गोगलगायी, बारके मासे सगळं एका जागी दाटीने सापडायला लागतं. नेमकं याच सुमाराला उत्तरेकडून थंडीचे पाहुणे येऊन पोचतात. पाटबंधारे खात्याने आवर्तनाच्या तारखा ठरवताना बदकांना विचारलेलं नसतं, पण जमून येतं खरं.

उजनीचा जलाशय या बाबतीत सगळ्यांचा बाप. भीमेवरचं हे धरण 1980 साली पूर्ण झालं. एकूण साठा 117 टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) आसपास, आणि त्यातला निम्म्याहून जास्त, 63 टीएमसीवर, मृतसाठा, म्हणजे तळाचं राखीव, हिशेबात न धरलेलं पाणी. त्यामुळे ‘उजनी मायनसमध्ये’ अशी बातमी वाचून परगावचा माणूस चक्रावतो. शून्याच्या खाली पाणी कसं काय असेल? तर ते असतं, आणि भरपूर असतं. शून्य म्हणजे वापरायचं पाणी संपलं एवढंच. भिगवण, कुंभारगावच्या बाजूचा फुगवटा, म्हणजे धरणामागे पसरलेलं पाणी, असा उथळ व्हायला लागला की रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांचे थवे उतरतात. ज्या वर्षी पाणी लवकर हटत नाही, त्या वर्षी रोहितही उशिराच येतात.

आता यात एक अवघडलेपण आहे, ते लपवत नाही. धरण मायनसमध्ये गेलं ही खालच्या शेतकऱ्याच्या तोंडचं पाणी पळवणारी बातमी, आणि पक्षी बघणारा मात्र मनातल्या मनात दुर्बिणीची काच पुसायला घेतो. हे काही बरं दिसत नाही. त्यातल्या त्यात समाधान एवढंच की खरा दुष्काळ पडून फुगवट्याच्या जागी भेगाळलेली जमीन उरली, की पक्षीही उठून दुसरीकडे जातात. पक्षी बघायला ओसरणारं पाणी लागतं, आटलेलं चालत नाही.

रोहित जेवताना बघायला हवा, आणि त्यासाठी दुर्बीण एका पक्ष्यावर बराच वेळ धरून ठेवायला हवी. थव्याकडे बघत राहिलं तर गुलाबी रंगापलीकडे काही कळत नाही. तो मान सरळ खाली सोडतो आणि डोकं उलटं करतो, म्हणजे चोचीची वरची बाजू खाली. मग जीभ दट्ट्यासारखी मागेपुढे करत चिखलपाणी आत ओढतो आणि बाहेर टाकतो. चोचीच्या कडेला बारीक झालर असते, तिच्यात खाणं अडकतं. हे चालू असताना पाय स्वस्थ नसतात. एका जागी थयथय नाचत तो तळ ढवळतो, आणि डोकं मध्ये ठेवून स्वतःभोवती फिरतो. पुढे पाणी आणखी उतरलं की त्या जागी गाळात गोल गोल आळी उमटलेली दिसतात, कुणी झाडं लावायला खणून ठेवल्यासारखी. माणसं ती तुडवत पुढे जातात आणि विचारतात, पक्षी कुठे आहेत?

उभ्या रोहितात गुलाबी रंग फिका असतो. खरा लाल आणि काळा रंग पंखांत, आणि पंख उघडतात उडतानाच. सगळी पंचाईत इथे होते. नावेतल्या मंडळींना उडता फोटो हवा असतो, म्हणून नाव जवळ न्यायला लावतात, टाळ्या वाजवतात. थवा धावत धावत पाणी कापत उठतो, सगळे वा वा करतात, आणि पक्षी अर्धं जेवण टाकून दूर जाऊन बसतात. दिवसभर नावा येत राहिल्या तर त्यांनी खायचं कधी? थंडी संपताना ज्यांना हिमालय ओलांडून परतायचं असतं त्या पट्टकदंब हंसांसारख्या पाहुण्यांना तर चरबी साठवायची ती याच दिवसांत. नावाड्यांना यात फार दोष देता येत नाही. बरेच जण आपणहून लांबवर इंजिन बंद करतात आणि बांबूने नाव ढकलत नेतात. घाई असते ती गिऱ्हाइकाला.

गंमत अशी की जाळं टाकणाऱ्या मच्छीमाराला हेच पक्षी भीत नाहीत. तो रोजचा असतो, सरळ आपल्या कामाला जातो आणि पक्ष्याकडे बघतही नाही. गाळपेरीच्या जमिनीवर राबणाऱ्यांचंही तसंच. धरणाखाली गेलेली जमीन पाणी हटल्यावर काही महिने उघडी पडते, गाळाने सुपीक झालेली असते, तिच्यात पीक काढतात. शेजारी टिटव्या आणि धोबी निवांत फिरतात. आपण मात्र शिकाऱ्यासारखे दबकत, वाकून, एकटक बघत पुढे सरकतो. पक्ष्यांनी काय समजावं? त्यापेक्षा एका जागी बसावं. बसलं की अर्ध्या तासात पक्षी आपोआप जवळ येतात, निदान कवड्या खंड्या तरी येतोच. इतर खंड्यांना बसायला फांदी किंवा तार लागते. हा काळापांढरा गडी भर पाण्यावर हवेतच एका जागी पंख फडफडवत थांबतो, चोच खाली, मान स्थिर, आणि मग दगडासारखा पडतो. फांदीची गरज नसल्यामुळे जलाशयाचा मधला उघडा भागही त्याला मोकळा.

चालायचं असेल तर गाळ ओळखता यायला हवा. भेगा पडलेला, खपल्या उचललेला भाग पक्का. त्यापुढे गुळगुळीत, दाबलं की रबरासारखा हलणारा. त्याच्यापुढे जाऊ नये, पाय गुडघ्यापर्यंत गेला की चप्पल तर राहतेच, माणूसही हलेना होतो. पाण्यात उतरायचा मोह तर नकोच. वरून शांत दिसणाऱ्या फुगवट्याखाली जुन्या नदीचं पात्र असतं आणि दोन पावलांत तळ नाहीसा होतो. खाली नुसतं पात्रच असतं असंही नाही. उजनीत पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं पळसनाथाचं मंदिर वर येतं, कोरीवकाम अजून शाबूत. दुर्बिणीतून त्याच्या शिखरावरचा पाणकावळा बघताना लक्षात येतं की आपण ज्याला निसर्ग म्हणून बघायला आलो तिथे कुणाचं तरी गाव होतं.

माणसाने केलेल्या पाण्याला कमी लेखण्याचंही कारण नाही. ज्या भरतपूरचं नाव पक्षिप्रेमी हात जोडून घेतात, तेही अठराव्या शतकात बांध घालून केलेलं पाणी. नाशिक जिल्ह्यातलं नांदूरमध्यमेश्वर तर बंधाऱ्यात गाळ भरल्यामुळेच झालं. गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळ बंधारा घातला, वर्षानुवर्षं गाळ साठला, बेटं झाली, पाणवनस्पती माजल्या. साठवणुकीच्या हिशेबात हे नुकसान. पण 2020 साली महाराष्ट्रातली पहिली रामसर पाणथळ जागा (पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतली) म्हणून मान मिळाला तो याच बंधाऱ्याला.

उन्हाळ्यात पाहुणे परत गेल्यावर लोक पुन्हा पाठ फिरवतात, आणि तेव्हाच नदीसुरय (पाण्यावर झेपावून मासे पकडणारे पक्षी) घरटी करतात. घरटं म्हणजे उघड्या वाळूत एक खळगा, त्यात दोन-तीन ठिपकेदार अंडी. कर्नाटकात भद्रा जलाशयात पाणी उतरलं की बेटं वर येतात आणि त्यांच्यावर नदीसुरयांची मोठी वसाहत भरते. इथे मात्र माझा ओसरत्या पाण्याचा सिद्धांत थोडा लंगडा पडतो. पाणी चढलं तर अंडी बुडतात. आणि फारच उतरलं तर बेट काठाला जोडलं जातं आणि कोरड्या वाटेने कुत्री येतात. मग अख्खी वसाहत किंचाळत त्यांच्या डोक्यावर झेपावते. कुत्री कान पाडून, अंग चोरून चालतात, पण मागे फिरत नाहीत.