मातीतली बुरशी मोजताना नमुने अडकले ते टेबलावर

पाचट, म्हणजे उसाचा वाळलेला पाला, कुजवलेल्या खोडव्याच्या (तोडणीनंतर पुन्हा फुटलेल्या उसाच्या) मातीत बुरशी खरोखरच जास्त असते का, हे पाहण्यासाठी मी वाळवा तालुक्यातील दोन फडांतून, एक पाचट राखलेला आणि एक पेटवलेला, वाफशावर, म्हणजे माती फार ओली किंवा कोरडी नसताना, नमुने घेतले. मोजायचे होते अर्गोस्टेरॉल, कारण हे स्टेरॉल बहुतेक बुरशींच्या पेशीपटलात असते आणि जिवाणूंत किंवा उसाच्या मुळांत ते सहसा सापडत नाही. माती चाळून मिथेनॉलमध्ये अर्क काढणे, पोटॅशियम हायड्रॉक्साइडने साबणीकरण करणे आणि अर्गोस्टेरॉल हेक्झेनमध्ये ओढून घेणे, हे सारे दोन दिवसांत उरकले.

अडले ते एचपीएलसीपाशी, म्हणजे अर्कातील घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रापाशी. आमच्या महाविद्यालयात ते यंत्र नाही, म्हणून अर्काच्या बाटल्या बाहेरच्या प्रयोगशाळेत दिल्या. तेथील आवक टेबलावर पेटी ठेवून घेतली, अर्ज मात्र परत केला, कारण त्यावर विभागप्रमुखांचा शिक्का नव्हता. शिक्का आणला तर नमुन्याच्या प्रकारात ‘माती’ चालेना. ‘अर्क’ लिहिले तर द्रावकाचे सुरक्षापत्रक हवे झाले. हे सारे पहिल्याच दिवशी एका कागदावर लिहून देता आले असते. या फेऱ्यांत ११ दिवस गेले. शेवटच्या खेपेला पाहतो तर ‘फ्रीजमध्ये, अंधारात ठेवावे’ असे ठळक लिहिलेले झाकण बाजूला पडलेले होते, आणि उघड्या खिडकीतून येणारे दुपारचे ऊन पुढच्या रांगेतील पांढऱ्या काचेच्या बाटल्यांवर पडले होते. अर्गोस्टेरॉल प्रकाशात मोडते. अतिनील किरणांनी तर त्याचे ‘ड-२’ जीवनसत्त्व बनते. २८२ नॅनोमीटरवर आलेख काढला (त्यातले शिखर जितके उंच तितके अर्गोस्टेरॉल जास्त) तेव्हा एकाच मातीच्या दोन बाटल्यांपैकी मागच्या रांगेतल्या बाटलीचे शिखर उंच होते आणि पुढच्या रांगेतल्या बाटलीचे जवळजवळ बसलेले. तो कागद मी अजून जपून ठेवला आहे.

गोठवून ठेवलेली माती शिल्लक होती म्हणून निभावले. सगळी माती एकदम वापरू नये, हे मी आता प्रत्येक विद्यार्थ्याला सांगतो. तपकिरी बाटल्या घ्याव्यात आणि त्यांवर वर्खही गुंडाळावा. एका नमुन्यात ठरावीक शुद्ध अर्गोस्टेरॉल आधीच मिसळावे, म्हणजे शेवटी त्यातले किती हाती लागले ते कळते. मुळांशी सहजीवन करणाऱ्या अर्बस्क्युलर मायकोरायझा बुरशीत मात्र अर्गोस्टेरॉल नसते, तिच्यासाठी १६:१ओमेगा५ हे स्निग्धाम्ल पाहावे लागते. बुरशी मोजण्याची दुसरी खूण म्हणजे ग्लुकोसामाइन, पण ते मेलेल्या बुरशीच्या कवचातूनही येते, त्यामुळे जिवंत बुरशीचा अंदाज घेण्यास ते कामाचे नाही.

दुसऱ्या खेपेला सर्व कागद आधी मंजूर करून घेतले, बाटल्या बर्फाच्या डब्यातून स्वतः नेल्या आणि शेवटचा नमुना होईपर्यंत यंत्राशेजारी बसून राहिलो. पाचटाच्या फडाचे शिखर प्रत्येक बाटलीत उंच आले.