किचनच्या भिंतीतला सॉकेटचा उथळ बॉक्स बदलला, अकरा दिवस गेले : माझा अनुभव

आमचं नाशिकचं घर जुनं, विटांचं. ओट्यावरच्या 16 अँपिअरच्या सॉकेटची प्लेट कितीही स्क्रू आवळले तरी भिंतीला बसायचीच नाही, एका बाजूने फट राहायचीच. इंडक्शन अर्धा तास चालला की प्लेट गरम लागायची. आधी सॉकेट बदलून बघितला, काही फरक नाही. 2000 वॅटचा इंडक्शन 230 व्होल्टवर साधारण पावणेनऊ अँपिअर घेतो, 16 च्या सॉकेटला ते जड नाहीच. मग एक दिवस जळका वास आला, मेन बंद करून प्लेट काढली तर आतला मेटल बॉक्स जेमतेम सव्वा इंच खोल, त्यात सॉकेट, त्याचा स्विच, एक्झॉस्ट फॅनचा स्विच आणि 4 स्क्वेअर एमएमच्या जाड वायरी कोंबलेल्या, आणि एक वायर बॉक्सच्या कडेला दाबून वरचं कव्हर कापलं गेलेलं. वायरींना वळायला जागाच नव्हती. त्याच मापाचा पण दोन इंच खोल बॉक्स दुकानात लगेच मिळाला, वाटलं संध्याकाळपर्यंत होऊन जाईल.

वायरमन आले, बघितलं आणि म्हणाले, "ताई, भिंत फोडायचं काम गवंड्याचं, खड्डा करून ठेवा, मी दहा मिनिटात जोडून देतो." एवढ्याशा कामाला गवंडी कोण येतंय? तीन दिवसांनी एक जण आले, वायरी बघितल्या आणि दारातूनच, "आधी वायरी मोकळ्या करून घ्या, लाइटीच्या कामाला आम्ही हात लावत नाही." परत वायरमनला फोन, ते दुसऱ्या साइटवर, दोन दिवसांनी येऊन वायरी सोडवून टेप मारून गेले, तोवर गवंड्यांना मोठं काम लागलेलं, फोन उचलेनात. किचनमध्ये भिंतीला उघडं भोक, मुलाला ओट्याजवळ येऊ द्यायची भीती, आणि सासूबाई रोज सकाळी विचारायच्या, "आज तरी येणारेत का गं ते?" मला आजही आठवलं की संताप येतो, कारण फोडायचं काम निव्वळ दोन तासांचं आहे. तुम्ही वायरमनला बोलावणार असाल तर फोनवरच स्पष्ट विचारा की विटा फोडून बॉक्स बसवून देणार का, आणि नाही म्हणाले तर दोघांना एकाच दिवशी एकाच वेळी बोलवा, वेगवेगळं अजिबात नको.

नवव्या दिवशी मीच छिन्नी घेतली. भिंत अर्ध्या विटेची, पलीकडे बाथरूमच्या टाइल्स, त्यामुळे मोठा हातोडा नकोच. जुना बॉक्स ओढून काढू नका, प्लास्टर सोबत येतं. पकडीने त्याच्या बाजू आत वाकवल्या की तो आपोआप सुटतो. मग ड्रिलच्या बिटला पाहिजे तेवढ्या खोलीवर टेप गुंडाळली, जवळजवळ भोकं पाडली, आणि मधली वीट लहान छिन्नीने हळूहळू काढली. फक्त पाऊण इंच जास्त हवं होतं, पलीकडची एकही टाइल हलली नाही, त्याचं मला खरंच समाधान आहे.

सिमेंट भरायच्या आधी खड्ड्यात नीट पाणी मारा, कोरडी वीट सिमेंटमधलं पाणी शोषून घेते आणि बॉक्स हलायला लागतो. एक भाग सिमेंट, चार भाग वाळू. वायरमन पीओपी म्हणत होते, पण बाथरूमच्या ओल्या भिंतीत मला ते नको होतं. बॉक्समध्ये पेपरचे बोळे कोंबले म्हणजे स्क्रूच्या भोकात माल जात नाही. बॉक्सची कड प्लास्टरच्या बरोबर लेव्हलला हवी, आत गेली तर स्क्रू पुरत नाहीत. आणि हो, वायरींचा पाइप शिरतो त्या भोकाला रबरी बुश आधीच लावा, पत्र्याची धार वायर कापते.

दोन दिवस सुकू दिलं, अकराव्या दिवशी वायरमननी कनेक्शन केलं. अर्थिंगची वायर बॉक्सलाही जोडून घ्या, आमच्या जुन्या बॉक्सला ती नव्हतीच. आता प्लेटच्या मागे कागदसुद्धा जात नाही आणि तासभर इंडक्शन चालला तरी ती गार असते.

एक गोष्ट वरच सांगायला हवी होती. मेन बंद केला म्हणून निर्धास्त होऊ नका. फोडायच्या आधी मी प्रत्येक वायरीला टेस्टर लावला तर एकीवर तो पेटला. एक्झॉस्ट फॅन इन्व्हर्टरवर आहे हे माझ्या लक्षातच नव्हतं. इन्व्हर्टर बंद केला, त्याच्या आउटपुटचा प्लगही काढला, सगळ्या वायरी परत तपासल्या आणि मगच छिन्नीला हात लावला.