पांढरी पडलेली पट्टी

नाकाबंदीत पोलिसांच्या दारू तपासायच्या मशीनमध्ये फुंकर मारल्यावर जी कागदाची पट्टी बाहेर येते, तिच्यावर शाई नसते. एटीएमच्या पावतीसारखाच तो कागद, उष्णतेने काळा पडणारा. फाइलीत एखादा उन्हाळा काढला, वर प्लास्टिकचं कव्हर घातलं, की अक्षरं उडायला लागतात. गेल्या आठवड्यात सरकारी वकिलांनी आमच्या केसची पट्टी कोर्टापुढे ठेवली तेव्हा तिच्यावर काहीच वाचता येत नव्हतं. ना आकडा, ना वेळ, ना मशीनचा नंबर. दंडाधिकारी साहेबांनी ती खिडकीच्या उजेडात धरून पाहिली आणि पुन्हा कागदांवर ठेवली.

माझे अशील, मी त्यांना काकाच म्हणते, टेम्पो चालवतात. वय बावन्न, राहायला भांडुपला, रोज पहाटे दादरच्या भाजी मार्केटात फेरी. भाच्याच्या साखरपुड्याहून आले, थोडं झोपले आणि पावणेतीनला माल भरायला निघाले. वाटेत नाकाबंदी होती. मशीनने ३४ दाखवले, असं पोलिसांचं म्हणणं; कायद्याची मर्यादा ३०. त्यांनी किती घेतली होती, घेतली होती की नव्हती, ते मी इथे लिहिणार नाही. ते वकील आणि अशिलामधलं आहे. बाकीचं लिहायला काकांनी परवानगी दिली आहे, म्हणून लिहिते.

गेली चौदा वर्षं मी मुंबईतल्या दंडाधिकारी कोर्टांत काम करते. नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात ड्रंक अँड ड्राइव्हवाल्यांनी कॉरिडॉर भरून जातो. कॉलेजची मुलं वडिलांसोबत येतात, कंपनीतले साहेबलोक येतात, रिक्षावाले येतात. बहुतेकांची समजूत असते की सिग्नल तोडल्यासारखी पावती फाडून मोकळं होता येईल. तसं नाही. मोटार वाहन कायद्यातल्या कलम १८५ चा गुन्हा नाक्यावर मिटत नाही, कोर्टात यावंच लागतं. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असेल तर पहिल्या वेळी १०,००० रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा सापडलात तर १५,००० दंड किंवा २ वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. २०१९ च्या दुरुस्तीआधी पहिल्या वेळचा दंड २,००० होता, आणि अजूनही लोक खिशात तेवढेच घेऊन येतात.

हे ३० म्हणजे किती, ते कोणी हिशोब करून बघत नाही. ६० मिलिलिटरच्या मोठ्या पेगात साधारण २० ग्रॅम अल्कोहोल असतं. पासष्ट किलोच्या माणसाच्या रक्तात ते ४० ते ४५ पर्यंत आकडा नेऊ शकतं. म्हणजे एकच पेग मर्यादेच्या वर. आणि शरीर ते बाहेर टाकतं तासाला १५ च्या आसपास. रात्री बारापर्यंत तीन मोठे पेग झाले असतील तर पहाटे चार-पाचलासुद्धा तुम्ही कायद्याच्या दृष्टीने प्यायलेलेच असू शकता. आंघोळ, लिंबूपाणी, काळी कॉफी, दोन तासांची झोप, यातल्या कशानेही तो वेग वाढत नाही. वेलची-बडीशेपेचा तर काही संबंधच नाही, मशीन फुप्फुसातली हवा मोजतं. माझ्याकडे येणाऱ्या मालवाहू गाड्यांच्या चालकांतले कितीतरी जण पहाटेच सापडलेले असतात. त्यांना मनापासून वाटत असतं की रात्रीची रात्रीच उतरली.

‘फुंकलोच नसतो तर?’ हा प्रश्न दर आठवड्याला येतो. फुंकर मारायला नकार दिला तर पोलीस अटक करून रक्ततपासणीला नेऊ शकतात, आणि सबळ कारणाशिवाय दिलेला नकार कलम २०५ प्रमाणे तुमच्याविरुद्धच पुरावा म्हणून वापरला जाऊ शकतो. नाक्यावर हुज्जत घालू नका, फुंका. पण डोळे उघडे ठेवून फुंका. नळी तुमच्यासमोर सीलबंद पाकिटातून काढलेली हवी. नुकतंच माउथवॉश वापरलं असेल, अल्कोहोल असलेलं औषध घेतलं असेल तर तसं सांगा आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा फुंकर घ्यायला सांगा. तोंडात उरलेलं तेवढ्या वेळात जातं, रक्तातलं जात नाही. आकड्याबद्दल शंका असेल तर रक्त तपासायची मागणी लगेच, तिथेच करा. दुसऱ्या दिवशी आठवून उपयोग नाही. पट्टी हातात मिळाली तर त्याच दिवशी तिची झेरॉक्स काढा. आणि गाडी दुसऱ्याने चालवली म्हणून शेजारचा सुटतो असंही धरून चालू नका. प्यायलेल्याला गाडी चालवायला भरीस घातलं तर कलम १८८ खाली तोही त्याच शिक्षेला पात्र ठरतो.

काकांची केस पहिल्यांदा पुकारली तेव्हा बाहेर बाकावर बसलेल्या एका एजंटाने त्यांना सल्ला दिला होता, ‘कबूल करा, दहा हजार भरा, दुपारी घरी.’ काकांनी मला विचारलं, “ताई, करून टाकू का कबूल?”

या प्रश्नाचं उत्तर मी कधीच पटकन देत नाही. कबूल केलं की दोषसिद्धी नोंदली जाते. पुढच्या वेळी दुसरा गुन्हा धरतात. परवाना निलंबनासाठी जातो, मालक दुसरा ड्रायव्हर बघतो. आणि लढायचं म्हटलं तर दर तारखेला एक फेरी बुडते. साक्षीदार आला नाही, तारीख. साहेब रजेवर, तारीख. काकांचे एका फेरीचे हजार रुपये धरले तर दहा-बारा तारखांत दंडाएवढे पैसे तसेच गेले. कायद्याने दिलेला बचाव रोजंदारीच्या माणसाला असा महाग पडतो, आणि याचा मला दरवेळी त्रास होतो. मी दोन्ही बाजू सांगितल्या. उत्पन्न कमी असेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, हेही सांगितलं. त्यांनी एक रात्र मागून घेतली. सकाळी फोन आला, “लढू या.”

माझ्या घरात या विषयावर सरळ बोलता येत नाही. २००९ साली माझा मावसभाऊ रात्रपाळी संपवून लालबागच्या उड्डाणपुलाच्या कामाजवळून पायी घरी येत होता. मागून गाडी आली. तो तिथेच गेला. गाडीवाल्याच्या तोंडाला वास येत होता हे चार जणांनी सांगितलं. पण त्याचं रक्त घेतलं गेलं दुसऱ्या दिवशी सकाळी, सात तासांनी. तासाला १५ गेले तर सात तासांत शंभर जातात. त्यातून बाटलीवरच्या सीलचा नमुना कागदावरच्या नमुन्याशी जुळेना. नुसत्या वासाचा उपयोग होणार नव्हता. तोंडाला वास आणि डळमळीत चाल एवढ्यावरून दारूचा निष्कर्ष काढता येत नाही, हे मुंबईच्याच एका अपघाताच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७१ साली सांगून ठेवलं आहे. गाडीवाल्याला निष्काळजीपणाची शिक्षा झाली, दारूचा मुद्दा सिद्ध झाला नाही. मी तेव्हा लॉच्या तिसऱ्या वर्षाला होते. निकालाच्या दिवशी मावशी मला म्हणाली, “तुम्ही शिकता ना हे? मग बाटलीला नीट सील कसं लावायचं ते शिकवत नाहीत का कोणाला?”

ते खरं तर लिहिलेलं आहे. रक्त कसं घ्यायचं याचे नियम आपल्याकडे १९५९ पासून आहेत. सुई टोचण्याआधी कातडी स्पिरिटने पुसायची नाही, नाहीतर तेच नमुन्यात उतरतं. बाटलीत सोडियम फ्लोराइड घालायचं, नाहीतर रक्त आंबून अल्कोहोल बाटलीतच तयार होऊ शकतं. मग सील, सीलचा नमुना, आणि कलिन्याच्या सरकारी न्यायवैद्यक प्रयोगशाळेपर्यंत कोण घेऊन गेलं त्याची नोंद. २००६ च्या कार्टर रोडच्या अपघातात फुटपाथवर झोपलेले सात मजूर गेले. त्या खटल्यात रक्ताचा अहवाल ०.११२ टक्के, म्हणजे आपल्या मोजणीत ११२, असा होता, आणि तो पुराव्यात टिकला. सदोष मनुष्यवधाची तीन वर्षांची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये कायम केली. कागद नीट असला की काय होऊ शकतं ते तिथे दिसतं. म्हणून कोणी मला ‘तू दारुड्यांना सोडवतेस’ म्हणालं की मला राग येतो. मशीन बरोबर मोजतं याचं, म्हणजे कॅलिब्रेशनचं, प्रमाणपत्र मागणारी मी त्याच घरातली आहे जिथे एका बाटलीच्या सीलमुळे न्याय अर्धा राहिला.

दीड वर्षाने, अकराव्या तारखेला नाक्यावरचे हवालदार साक्षीला आले. सरळ माणूस. त्या रात्री त्यांनी धुरात, हॉर्नमध्ये उभं राहून कितीतरी जणांची तपासणी केली होती.

“नळी नवीन होती?”

“होय मॅडम. पाकीट मीच फोडलं.”

“मशीनचं कॅलिब्रेशन त्याआधी कधी झालं होतं?”

“ते रेकॉर्ड स्टेशनला असतं. मला सांगता येणार नाही.”

“या पट्टीवरचा आकडा वाचून दाखवा.”

त्यांनी पट्टी हातात घेतली, चष्मा वर केला. बराच वेळ पाहिलं. “आता दिसत नाही,” म्हणाले. स्टेशन डायरीत आकडा लिहिलेला होता, पण काकांना थांबवल्याची जी वेळ होती ती फुंकर मारल्याच्या वेळेनंतरची, वीस मिनिटांनी पुढची. कॅलिब्रेशनचं प्रमाणपत्र दाखलच केलं नव्हतं. रक्त घेतलंच नव्हतं. संशयाचा फायदा देऊन साहेबांनी काकांना सोडलं. हवालदार बाहेर पडताना मला म्हणाले, “मॅडम, झेरॉक्स काढायला पाहिजे होती.” मी म्हटलं, “हो, काढत चला. दोघांच्याही कामाची आहे.”

संध्याकाळी मावशीकडे गेले. ती निकालाचं विचारतेच. सुटला म्हटल्यावर लसूण सोलता सोलता थांबली.

“प्यायला होता का गं?”

“ते तुलाही नाही सांगता येणार, मावशी.”

“आणि कागद?”

“कागद नीट नव्हते.”

“आजही?” एवढंच म्हणाली आणि पुन्हा लसूण सोलायला लागली. मला तिच्याकडे बघवेना.

काकांचा परवाना नाक्यावर काढून घेतला होता, तो अजून हातात आलेला नाही. निकालाच्या नकलेसाठी अर्ज केला आहे. ती मिळाली की सोमवारी आरटीओत जायचं. तोवर टेम्पो भाचा चालवतो आणि काका शेजारी बसून त्याला दादरचे खड्डे दाखवतात. काल त्यांचा फोन आला होता, विचारत होते, घरातली गॅसची, लाइटची सगळी जुनी बिलंपण तशीच उडतात का. एटीएमच्या पावतीसारख्या कागदावरची उडतात, म्हटलं. त्यांची झेरॉक्स काढून ठेवा.