आठवड्याचे दिवस किती?

मधुमेही माणूस स्वतःची काळजी कशी घेतो, हे विचारणाऱ्या एका इंग्रजी प्रश्नावलीचे मराठी रूप तयार करण्याच्या कामात मी होतो. तिचे बहुतेक प्रश्न एकाच साच्याचे आहेत: गेल्या सात दिवसांपैकी किती दिवस तुम्ही अमुक केले? उत्तर शून्य ते सात. यात भाषांतराला अवघड ते काय, असे मला वाटले होते. प्रत्यक्ष विचारताना मात्र मी सवयीने "गेल्या आठ दिवसांत" असे म्हणून गेलो आणि समोरच्या आजींनी तत्परतेने सांगितले, "आठही दिवस." आमच्या तक्त्यात आठाला जागाच नव्हती.

या कामाची एक रुळलेली रीत आहे. डॉर्कस बीटन आणि सहकाऱ्यांनी २००० साली मांडलेल्या पद्धतीनुसार दोघांनी स्वतंत्र भाषांतरे करायची, त्यांतून एक मसुदा ठरवायचा, मूळ प्रश्नावली न पाहिलेल्यांकडून तो उलट मूळ भाषेत न्यायचा, समितीने सारे तपासायचे आणि मग ३० ते ४० जणांना विचारून पाहायचे. यांतल्या उलट भाषांतरावर आपण फार विसंबतो, असे माझे मत या कामात पक्के झाले.

त्याचे कारण सोबतच्या दुसऱ्या प्रश्नावलीत मिळाले. मधुमेहामुळे होणारा मनस्ताप मोजणारी 'प्रॉब्लेम एरियाज इन डायबेटिस' ही ती १९९५ सालची प्रश्नावली. विधाने वीस, प्रत्येकाला शून्य ते चार गुण आणि बेरजेला १.२५ ने गुणून शंभरपैकी आकडा. आजार सांभाळण्याच्या सततच्या खटपटीने 'बर्न्ड आउट', म्हणजे मनाने पार थकून गेल्यासारखे, वाटते का, असे तिचे एक विधान आहे. एका भाषांतरकाराने "जळून गेल्यासारखे वाटते" असे लिहिले, दुसरीने "आता हात टेकले असे वाटते" असे. पहिले उलट भाषांतरात शब्दाला शब्द जुळले; दुसरे 'शरणागती' होऊन परतले आणि त्यावर लाल खूण पडली. समितीने अर्थातच जुळणारे घेतले. (मीही तेव्हा मान डोलावली होती.)

पुढे चाचणीत एका गृहस्थांनी या विधानाला चार गुण दिले. कशामुळे असे वाटते, असे विचारल्यावर ते म्हणाले, "तळव्यांची आग होते ना, रात्री तर फारच." मज्जातंतूंची तक्रार मनस्तापाच्या खात्यात जमा झाली होती आणि शंभरांतले पाच गुण तिथेच वाढले होते. विधान बदलून "हात टेकले" केले.

पहिल्या प्रश्नावलीतल्या "पाय तपासले का?" या प्रश्नावर "पाय डॉक्टर तपासतात, मी नाही," असे उत्तर एकाहून अधिक जणांनी दिले. आता तिथे "पायांना कुठे जखम, फोड किंवा भेग नाही ना, हे तुम्ही स्वतः किती दिवस पाहिले?" असे आहे. वाक्य लांबले, अशी समितीतल्या एकांची हरकत अजून कायम आहे.